हौशीच्या मानाने

राज्य नाट्य स्पर्धेत प्रयोग संपून पडदा पडला की रंगपटात एकच धांदल उडते. कोणी विग उतरवत असतं, कोणी साडीच्या पिना काढत असतं, दोघं-तिघं मेकअप तसाच ठेवून फ्लॅट सोडवायला पळतात. दुसऱ्या दिवशी त्याच रंगमंचावर दुसऱ्या संस्थेचं नाटक असतं आणि आपलं नेपथ्य रात्रीच टेम्पोत भरायचं असतं. या गडबडीत पाहुणे भेटायला आत येतात. मी वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्था सांभाळते, त्यामुळे त्या वेळी कपडे मोजत कोपऱ्यात बसलेली असते आणि सगळं कानावर पडत असतं. त्यात एक वाक्य हमखास असतं : "हौशीच्या मानाने फारच छान केलंत!"

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तो खरोखर खूश झालेला असतो, म्हणून तर आत आलेला असतो. त्यामुळे कोणी उलट बोलत नाही. "थँक्यू सर" म्हणतात, फोटो काढतात, पाहुणे गेले की पुन्हा दोऱ्या सोडवायला लागतात.

एका जिल्ह्याच्या केंद्रावर मात्र एकीने विचारलं. सरकारी रुग्णालयात परिचारिका होती ती. रात्रपाळ्या मैत्रिणींशी बदलून घेत, कधी ड्युटीवरून थेट येत तिने तालमी केल्या होत्या. नाटक तिच्याच भूमिकेवर उभं होतं. पाहुणे व्यावसायिक रंगभूमीवरचे नावाजलेले नट होते. त्यांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा ती आरशासमोर खोबरेल तेलाने रंग उतरवत होती. मागे न वळता, आरशातूनच त्यांच्याकडे बघत तिने विचारलं, "आणि नाटकाच्या मानाने, सर?"

सगळे चपापले. आमच्या दिग्दर्शकांनी तिला डोळ्यांनी दटावलं. पण त्या नटाचा मोठेपणा असा, की ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "नाटकाच्या मानाने सांगू? दुसऱ्या अंकात तुम्ही वाक्यांचे शेवट खाताय. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेच ऐकू आलं नाही तर मागच्या रांगेला काय झालं ते कळणार कसं?" मग अर्धा तास ते बोलत राहिले. श्वास कुठे घ्यायचा, मुलाचं पत्र हातात आल्यावर ते लगेच का वाचायचं नाही, रडण्याच्या जागी रडणं कसं टाळायचं. त्यातल्या दोन गोष्टी तिला पटल्या नाहीत आणि तिने तसं सांगितलंही. त्यावर दोघांचा वाद झाला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

निघताना ती मला म्हणाली, "ताई, इतकी वर्षं नाटक करतेय, पण मला कोणी चुका सांगितल्याच नाहीत. सगळे म्हणतात, छान."

माझं या विषयावरचं सगळं म्हणणं तिच्या या वाक्यात आहे. 'हौशी' म्हटल्यामुळे तिचा अपमान झाला नव्हता. तिला राग होता तो त्यामागून येणाऱ्या 'च्या मानाने'चा. त्या चार अक्षरांनी पट्टी आधीच खाली आणलेली असते. मग दोष दाखवायची गरज उरत नाही, आणि माणूस आयुष्यभर त्याच चुका करत राहतो. टीका ऐकायला मिळणं हासुद्धा कलावंताचा हक्क असतो, आणि कौतुकाच्या सुरात तो काढून घेतला जातो.

खरं तर 'हौशी' हा आमच्याकडे सरकारी शब्द आहे. शासनाचं सांस्कृतिक कार्य संचालनालय जी स्पर्धा भरवतं, तिचं नावच 'महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा' आहे. त्या नावात शब्दाचा अर्थ स्वच्छ आहे : ज्यांचं पोट नाटकावर चालत नाही, त्यांची स्पर्धा. बँक, एसटी, पोस्ट, झेडपीची शाळा, मेडिकलचं दुकान, शेती अशा कुठल्याही कामातून वेळ काढून येणाऱ्यांची. शब्द माणसाच्या पोटाविषयी बोलतो, कसबाविषयी नाही. रंगपटापर्यंत येईतो मात्र तो कसबाविषयी बोलायला लागतो. 'पगार दुसरीकडून मिळतो' याचं 'काम कच्चं असतं' असं होतं, आणि हे कधी झालं ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

इतिहास तर नेमकं उलटं सांगतो. 1972 सालच्या डिसेंबरात पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं ते पीडीएच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनच्या मुलांनी केलेलं. नाटक विजय तेंडुलकरांचं. दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर. रंगमंचावर ब्राह्मणांची जी रांग कधी भिंत होते, कधी पडदा होते, ती नोकऱ्या आणि कॉलेजं सांभाळून तालमीला येणाऱ्या तरुणांची. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य त्या पायांत आणि गळ्यांत बसवायला किती संध्याकाळी गेल्या असतील, ते समूहनृत्य बसवून पाहिलेल्या माणसालाच कळेल. नाटकावरून वादळ झालं, संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली आणि 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. 1980 मध्ये हेच नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेलं. 'हौशीच्या मानाने' हे शब्द त्या नाटकाला लावून बघा, जीभ अडखळते.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. वर्षानुवर्षं त्यांनी दवाखाना सांभाळून नाटकं केली. चाळिशी ओलांडल्यावर, 1969 मध्ये, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचा 'नटसम्राट' आला. तो रंगमंचावर आणला गोवा हिंदू असोसिएशनने, आणि ही संस्था मुळात मुंबईतल्या गोवेकरांची, समाजकार्यासाठी काढलेली. मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला नटाचा पार्ट असा एका सर्जनच्या आणि गोवेकरांच्या एका मंडळाच्या हातून घडला आहे.

इथे एक गोष्ट मला कायम टोचत आली आहे. लागूंना सगळी रंगभूमी 'डॉक्टर' म्हणायची. आगाशेंनाही 'डॉक्टर' म्हणतात. त्यांचा दुसरा पेशा त्यांच्या नावापुढे मानाने बसला आणि तो त्यांनी कमावलेला मान आहे, त्यात वावगं काही नाही. पण आमच्या नाटकात पोस्टमन काम करतो तेव्हा त्याला कोणी 'पोस्टमन' म्हणून आदराने हाक मारत नाही. तो 'हौशी' असतो. दिवसा दुसरं काम करून रात्री रंग लावणारे दोघंही. मग एकाच्या वाट्याला पदवी येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला सूट. शब्द अपमानाचा की मानाचा, हे बरेचदा शब्दावर ठरतच नाही. ज्याला तो लावतो त्याच्या पगारावर, जातीवर, गावावर ठरतं. सिंधुदुर्गातले दशावतारी बघा. दिवसा शेतात राबून रात्री देवळासमोर संहिता हातात न घेता तासन् तास संवाद रचत राहणारे ते नट. त्यांच्याइतकी हजरजबाबी तयारी कुठल्या शिबिरात शिकवतात? तरी शहरातला माणूस त्यांना 'लोककलावंत' या खणात टाकून पुढे जातो.

लेबलं माणसाला काय करतात यावर मराठीत एक आख्खं नाटक आहे, आणि योगायोग असा की ते हौशी मंडळींविषयीच आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', 1967 सालचं. 'रंगायन'ने केलेलं, अरविंद देशपांड्यांनी बसवलेलं, सुलभा देशपांडे त्यात लीला बेणारे. मुंबईच्या एका हौशी मंडळाची माणसं एका गावात प्रयोगाला आली आहेत. वेळ जावा म्हणून खोटा खटला चालवायचं ठरतं. त्याआधी गावातल्या साध्या सामंतला बेणारे आपल्या सोबत्यांची ओळख करून देते, तीही एकेक चिमटा घेत. पोंक्षे शास्त्रज्ञ म्हणवतो पण इंटर नापास आहे. सुखात्मे वकील आहे पण अशील त्याच्याकडे फिरकत नाही. सगळं गमतीगमतीत. आणि थोड्याच वेळात तीच माणसं, तसाच गमतीचा आव आणून, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. पिंजरा खोटा आणि जखमा खऱ्या.

हे नाटक आमच्या एका संस्थेने बसवलं तेव्हाची गोष्ट. पोंक्षेचं काम करणारा मुलगा खरोखरच बारावीला अडकलेला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. पहिल्या वाचनाला 'इंटर नापास'ची जागा आली आणि खोलीत हशा पिकला. तो नेहमीपेक्षा थोडा जास्त पिकला. दुसऱ्या दिवशी तसाच. कोणी काही बोललं नव्हतं, फक्त हसले होते. तिसऱ्या वाचनाला त्याने पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाला, "लोकांना हसू पोंक्षेचं आलं पाहिजे. तुम्ही मला हसताय. इथे तुम्ही मला हसत राहिलात तर रंगमंचावर मी पोंक्षे होणारच नाही, स्वतःला वाचवत बसेन."

मला त्याचं हे बोलणं नटाचं वाटलं, दुखावलेल्या माणसाचं नाही. दिग्दर्शकांनी त्या दिवशी वाचन थांबवलं आणि प्रत्येकाला एक काम दिलं : आपल्याला लोकांनी लावलेलं, आपल्याला न आवडणारं एकेक लेबल कागदावर लिहून आणायचं. कोणाला दाखवायचं नाही, खिशात ठेवायचं आणि पिंजऱ्याच्या प्रवेशात उभं राहायचं. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रवेशात कोणी बेणारेवर उगाच ओरडेना. सगळ्यांचे आवाज खाली आले आणि प्रवेश जास्त भयंकर झाला. बेणारेचं काम करणारी मुलगी तालीम संपल्यावर बराच वेळ खुर्चीवरून उठली नाही.

त्याच तालमींमधला दुसरा किस्सा थेट याच्या उलट आहे. ज्या हॉलमध्ये आम्ही तालमी करायचो, त्याची राखण एक निवृत्त बेलिफ करायचे. जन्म कोर्टात गेलेला. नाटकाशी संबंध म्हणाल तर गणपतीतलं एखादं नाटक मांडी घालून बघितलेलं, तेवढाच. ते रोज दाराशी स्टूल टाकून बसायचे. दिग्दर्शकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'पब्लिक'. प्रवेश संपला की ते मोठ्याने विचारायचे, "पब्लिकचं काय म्हणणं आहे?" आणि काका खरंच म्हणणं मांडायचे. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणायचे.

एके दिवशी खटल्याचा प्रवेश झाल्यावर ते म्हणाले, "कोर्टात असं कोणी भरभर बोलत नाही. साक्षीदार एक वाक्य बोलतो, साहेब ते टायपिस्टला सांगतात, टायपिस्ट टाइप करतो, मग पुढचं. तेवढा वेळ साक्षीदाराला गप्प उभं राहावं लागतं. आणि साहेब, माणूस उलटतपासणीपेक्षा त्या गप्प राहण्याला जास्त घाबरतो."

आम्ही नाट्यशास्त्राची पुस्तकं वाचलेली माणसं ऐकत राहिलो. दिग्दर्शकांनी ती थांबण्याची जागा जशीच्या तशी घेतली. खोट्या कोर्टातला न्यायाधीश साक्ष 'लिहून घेतो' आणि तेवढा वेळ सगळे स्तब्ध उभे. स्पर्धेत परीक्षकांनी त्या जागांचा खास उल्लेख केला. माहितीपत्रकात 'कोर्टाच्या कामकाजाविषयी मार्गदर्शन' म्हणून काकांचं संपूर्ण नाव छापलं होतं. ते पत्रक त्यांनी लॅमिनेट करून घेतलं.

'पब्लिक' म्हटल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, उलट ते स्वतःच "पब्लिकचं ऐका" म्हणून दटावायचे. पुढे संस्थेत नवा आलेला एक सहायक मात्र एकदा त्यांच्यासमोरच कोणाला तरी म्हणाला, "जाऊ दे रे, पब्लिकला काय कळतंय!" तो त्यांच्याविषयी बोलतही नव्हता, प्रेक्षकांविषयी बोलत होता. काका उठले, स्टूल आत नेऊन ठेवलं आणि घरी गेले. पुढचे काही दिवस आलेच नाहीत. शब्द तोच होता. एका वेळी त्या शब्दानंतर प्रश्न यायचा आणि त्यांचं उत्तर ऐकलं जायचं. दुसऱ्या वेळी त्या शब्दाने बोलणंच बंद केलं. दिग्दर्शक स्वतः घरी जाऊन त्यांना घेऊन आले, आणि त्या सहायकाला त्यांनी सांगितलं ते मला फार आवडलं : "ज्याचं तू ऐकतोस त्याला काहीही हाक मार. ज्याचं ऐकणार नाहीस त्याला 'रसिक मायबाप' म्हणालास तरी तो अपमानच."

लेबलं वरून खालीच चिकटवली जातात असंही नाही. प्रायोगिकवाल्यांच्या तोंडी व्यावसायिक रंगभूमीला 'धंदेवाईक' म्हणायची पद्धत बरीच वर्षं होती, आणि तो शब्दही असाच भिरकावला जायचा. 'धंद्याच्या मानाने बरं नाटक आहे' हे मी प्रायोगिकच्या चहाच्या टपरीवर ऐकलंय. रविवारी दोन प्रयोग, मध्ये बसप्रवास, दुसऱ्या प्रयोगात घसा बसलेला असताना तोच हशा त्याच सेकंदाला काढणं ही काय सोपी तयारी आहे? आणि तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक ही काही आजची भानगड नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते संस्थानिकांच्या आश्रयाने. आश्रय सुटल्यावर त्यांनी गावोगाव खेळ लावले आणि 1853 मध्ये मुंबईत तिकिटावर प्रयोग केले. लोकांच्या पैशावर उभं राहावं लागलं म्हणून मराठी रंगभूमी टिकली.

व्यावसायिकमध्ये पडद्यामागचं एक लेबल आहे, 'बॅकस्टेजची पोरं'. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर चांदी आलेली माणसं, पण 'पोरं'. एका नाटकाच्या शतकमहोत्सवी प्रयोगाला मी विंगेत होते. निवेदक नटांची नावं पूर्ण घेत होता, प्रत्येकाला शाल-श्रीफळ. शेवटी तो म्हणाला, "आणि आमची बॅकस्टेजची सगळी पोरं!" टाळ्या वाजल्या. पोरं ओळीने येऊन वाकून उभी राहिली. त्यांच्यातला प्रकाशयोजना ऑपरेट करणारा माणूस आजोबा झाला होता. तेवढ्यात नाटकातल्या ज्येष्ठ अभिनेत्रीने निवेदकाच्या हातातून माइक घेतला आणि एकेकाचं नाव, आडनाव आणि काम सांगायला सुरुवात केली. नेपथ्य उभारणारा, कपडेपट सांभाळणारा, पडदा ओढणारा, संगीत देणारा. कागद नव्हता हातात. कोण कुठून येतो हेही तिने सांगितलं : हा पहाटे कर्जतला पोचतो, हा विरारला. सभागृह उभं राहिलं. निवेदक चांगला मुलगा होता, त्याने नंतर सगळ्यांची माफी मागितली. पण त्यांच्यातल्या एकाने मला पुढे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो म्हणाला, "पोरं म्हटलं त्याचं काही नाही ताई, आम्हीही एकमेकांना तसंच म्हणतो. नाव घेतलं नसतं तर वाईट वाटलं असतं."

म्हणून कोणी विचारलं, की बुवा अशा शब्दांवर बंदी घालावी का, तर मी नाही म्हणेन. स्पर्धेच्या नावातला 'हौशी' काढून तिथे गुळगुळीत काहीतरी घालू नये. तो शब्द आमचा आहे. ऑफिस सुटल्यावर धावत तालमीला येणाऱ्या, वर्गणी काढून नेपथ्य करणाऱ्या, दिवाळीची रजा स्पर्धेसाठी राखून ठेवणाऱ्या माणसांनी तो कमावला आहे. त्यात 'हौस' आहे आणि हौसेला मोल नसतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

थंडीत तुमच्या जवळच्या केंद्रावर प्राथमिक फेरी सुरू होईल. तिकीट अगदी थोडक्या पैशांचं असतं आणि अनेक केंद्रांवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. एखादी संध्याकाळ या. नाटक आवडलं तर आवडलं म्हणा. नाही आवडलं तर रंगपटात येऊन तेही सांगा, ज्याचं काम खटकलं त्याचं नाव घेऊन सांगा, आणि कोणत्या अंकात काय खटकलं ते सांगा.